बाजेचा चौथा पाय

लाडलेसाब पिंजारी मरायच्या आधीच्या आठवड्यात त्याची बाज घराबाहेर काढली, तेव्हा बाजेचा एक पाय जैतुननं स्वतःच्या हातानं धरला होता. तीन पायांना माणसं मिळाली होती, चौथ्याला कुणी नव्हतं, म्हणून ती पीठ मळायचं सोडून हात धुऊन धावली होती. पुढं मशिदीत हे सांगायची वेळ आली तेव्हा तिला याचीच जास्त लाज वाटली, की कुणी बोलावलंही नव्हतं, आपण होऊन धावलो.

डॉक्टरनं अब्बाला ऊन दाखवायला सांगितलंय, असं दस्तगीर म्हणाला होता. अब्बा म्हणजे लाडलेसाब, आणि दस्तगीर तिचा धाकटा भाऊ. त्यांचं घर धारूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला, शेतातच होतं. मागं सीताफळाची बाग, पुढं पांदीचा रस्ता. भादव्याचं ऊन दारातच पडलं होतं, भरपूर, फुकट. पण दस्तगीरला रस्त्याच्या पलीकडचं ऊन पाहिजे होतं. म्हणून बाज अंगणातून, बागेच्या कडेनं, पांद ओलांडून शेजारच्या बद्रीनाथच्या बांधावर नेऊन ठेवली. बद्रीनाथ स्वतः बाजेच्या उशाला होता. दुसरा पाय गावातल्या आश्रुबाकडं, तिसरा दस्तगीरकडं. बद्रीनाथ आणि आश्रुबा दोघंही सहज चालले होते म्हणे. सहज चाललेल्या बद्रीनाथच्या अंगावर त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा होता, आणि पाठीवर नेहमीचा फवाऱ्याचा पंप नव्हता. जैतुनला तेव्हाच नवल वाटायला पाहिजे होतं.

बाजेमागून दस्तगीरची बायको मेहरून डोक्यावर अब्बाची ट्रंक घेऊन आली. मग काठी आणली, तांब्या आणला, चपला आणल्या. अब्बाचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते, चपला त्यात जाणार नव्हत्या, पण चपलाही बांधावर नीट जोडीनं मांडल्या.

"ट्रंकेला कावून ऊन दाखवायचं?" जैतुननं विचारलं.

"तिला बी वास मारायलाय," दस्तगीर म्हणाला.

अब्बानं डोळे किलकिले करून आभाळाकडं पाहिलं, मग लेकाकडं, आणि तीन दमात म्हणाला, "जैतुन... चहा... ठेव."

ती चहा ठेवायला घरात गेली. चूल विझली होती, पुन्हा पेटवून चहा होईपर्यंत वेळ गेला. ती कपबशा घेऊन बांधावर आली तेव्हा सगळेच गप्प होते. मयताला बसलेली माणसं असतात तसे. अब्बानं चहा घेतला नाही. तिच्याकडं बघितलंही नाही, कपाकडं बघत राहिला. मग बाज पुन्हा उचलली, पुन्हा चौथा पाय तिच्याकडं. दाराशी आल्यावर दस्तगीर पुढं झाला, उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "या अब्बा, आत या, बसा." पाव्हण्याला म्हणावं तसं. जैतुनला वाटलं, पोरगं आता मऊ झालं. बाप जायला लागला की माणूस बदलतो.

तिच्या कपाळी असंच होतं. बदल तिला दिसायचा, कारण दिसायचं नाही.

त्या आठवड्यात जो कुणी विचारपूस करायला यायचा, त्याला ती दारातच मोठ्यांदा सांगायची, "लई बरं हाय आता. परवा तर रस्त्यापर्यंत जाऊन आले." आजाऱ्याच्या कानावर चांगलं पडावं, म्हणून आपल्याकडं सगळेच असं बोलतात. नेलं कुणी आणि कशावर, हे तेवढं सांगायचं राहायचं. आत अब्बा ऐकत पडलेला असायचा. ऐकून बरा व्हायचा का, ते अल्लाला ठाऊक. एका पहाटे, अजान व्हायच्या आधी, तो गेला.

*

जैतुन माहेरी आली होती ती परळीहून. नवरा राखेच्या विटांच्या भट्टीवर कामाला होता. त्यानं दुसरी आणली आणि पहिलीला सांगितलं की घरात जागा नाही. घरात खरंच जागा नव्हती, तेवढं तो खोटं बोलला नाही. बोचकं घेऊन ती आली तेव्हा अब्बानं काही विचारलं नव्हतं. "राहा," एवढंच म्हणाला होता. त्या एका शब्दावर ती राहिली.

तेव्हा घरामागं बाग नव्हती, माळ होता. टोचा मारला की ठिणगी उडायची. जैतुननं खड्डे खणले, ओढ्यातून डोक्यावर पाणी आणलं, रोपांच्या बुडाशी गळकी मडकी पुरली. अब्बा बांधावर बसून बिडी ओढायचा आणि खड्डा वाकडा आला की सांगायचा. दस्तगीर तेव्हा गुऱ्हाळावर, मग टेम्पोवर, मग धर्म सांगत फिरणाऱ्या जमातीबरोबर फिरतीवर असायचा. फिरतीवरून आला तो दाढी आणि नियम घेऊन आला. कोणता पाय आधी आत टाकायचा, पाणी किती घोटांत प्यायचं, हे तो गावाला सांगू लागला. म्हाताऱ्याकोताऱ्यांची वजू, नमाजाआधीचं हातपाय धुणं, चुकली की हौदावरून उठवून पुन्हा करायला लावायचा. लोक वैतागायचे, पण उठायचे. बरोबर असायचं त्याचं.

आई वारली तेव्हा त्यानं आईची भांडी शरीअतप्रमाणं वाटली होती. आधी अब्बाचा चौथा हिस्सा म्हणून पितळी तांब्या आणि परात बाजूला काढली. उरलेल्यात दोन ताटल्या भावाला, एक बहिणीला. दोन वाट्या भावाला, एक बहिणीला. कढई एकच होती. तिथं दस्तगीर बराच वेळ अडला. शेवटी कढई त्यानं घेतली, झाकण आपाला, थोरल्या बहिणीला, दिलं, आणि झाकण हिश्शापेक्षा हलकं वाटलं म्हणून वर एक उलथनं ठेवलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. जैतुनला मात्र बरं वाटलं होतं. जो माणूस उलथन्याला चुकत नाही तो जमिनीला कसा चुकेल, असा तिचा हिशेब. अब्बामागं बागेचा तिसरा हिस्सा आपला. मागायचंही काम नाही, कुराणातच लिहिलंय.

*

दसऱ्याच्या आगेमागे फळांचे डोळे उघडायला लागले. सीताफळाचं असं असतं, डोळे उघडून मधली रेघ पिवळी पडली की तोडायचं. त्या दिवशी नाही तोडलं तर दुसऱ्या दिवशी पाखरू तोडतं. जैतुन पहाटेपासून बागेत असायची. हाताला काळा चीक, कानात चिलटं, कमरेत चमक. क्रेट भरून पांदीवर आणून ठेवायचे, मग टेम्पोत घालून दस्तगीर धारूरला न्यायचा.

अशाच एका सकाळी क्रेट लावता लावता तिनं विचारलं, वारसाची नोंद कधी करायची, तिचं आधार कार्ड मेहरूनच्या पेटीत आहे, लागलं तर काढून ठेवते.

दस्तगीरनं क्रेट खाली ठेवला. हात झटकले. मग धर्माचा मसला समजावून सांगताना काढतो तसा आवाज काढून म्हणाला, "आपा, वारसा कशाचा अस्तो? मेल्याच्या मालकीचं जे ऱ्हातं त्याचा. अब्बा गेले तवा त्यांच्या मालकीचं काय व्हतं?"

"बाग. घर."

"बाग अन् घर त्यांनी मला हिब्बा केलं. जित्तेपणी. बक्षीस. तोंडानं बोलले, मी कबूल केलं, ताबा घेतला. साक्षीदार हायेत."

"कवा?"

"तू चहा ठेवायला गेलतीस तवा."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याला अवघडल्यासारखं काही वाटलं नाही. उलट एखादं अवघड गणित सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता. धारूरच्या कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसणाऱ्या एका माणसानं त्याला सांगितलं होतं की हिब्ब्याला कागद लागत नाही, ताबा लागतो. देणाऱ्यानं आपल्या सामानासकट घरातून, जमिनीतून बाहेर पडलं पाहिजे. मग घेणारा मालक. मग मालकानं म्हाताऱ्याला पुन्हा आत बोलावलं तर तो पाव्हणा. म्हणून बाज. म्हणून ट्रंक. म्हणून चपला. म्हणून 'या अब्बा, बसा'. शेवटचे ते दिवस लाडलेसाब स्वतःच्या घरात लेकाचा पाव्हणा होता, आणि जैतुन मालकाला न विचारता पाव्हण्याचे पाय चेपत होती.

"मग माझं काय?" जैतुन म्हणाली.

"तुझा हक हाय की. अब्बाचं जे उरलं त्यात."

उरली होती ट्रंक. त्याच दिवशी दुपारच्या नमाजनंतर दस्तगीरनं ती अंगणात आणून उघडली आणि वाटणी केली. दोन लुंग्या त्याला, एक तिला. दोन बनियन त्याला, एक तिला. बिड्यांचं अर्धं बंडल निघालं. तो बिडी ओढत नव्हता, ती तर नव्हतीच, तरी त्यानं बिड्या मोजल्या. चष्मा एकच होता. जुना अनुभव कामाला आला, चष्मा त्यानं घेतला आणि डबी तिला दिली. जैतुन मांडीवर बापाचा एक बनियन घेऊन बसली. बनियनला धुतलं तरी त्याच्या घामाचा वास होता. मेहरून भिंतीला टेकून उभी होती, ती हसली नाही.

संध्याकाळी जैतुन बद्रीनाथच्या घरी गेली. बद्रीनाथ घरात असून शेतावर गेला होता. त्याची बायको वच्छलाबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, बाई, पुरुषांच्या गोष्टी, आपल्याला काय कळतंय. मग सूप पाखडता पाखडता खरं बोलून गेली, की त्यांना बागेच्या कडेनं गाडीवाट पाहिजे होती किती वर्षांपासून, ती दस्तगीर देतो म्हणालाय. जैतुन या घरात वच्छलाबाईच्या दोन बाळंतपणांना शेक द्यायला राहिली होती. तिनं पाणी मागितलं, पिलं, आणि परत आली.

*

मशिदीतले मौलाना तरुण होते, नवीनच आलेले. जैतुन पदरात सीताफळं घेऊन त्यांच्या दाराशी गेली, सगळं सांगितलं. मौलानांनी फळं घेतली नाहीत, निकाल लागेपर्यंत घेता येत नाहीत म्हणाले. त्यांच्या बायकोनं आतून टोपलीकडं फार वाईट नजरेनं बघितलं. मग मौलानांनी सांगितलं की माणूस ज्या दुखण्यात मरतो त्या दुखण्यात केलेला हिब्बा हा हिब्बा नसतो, वसीयत असते, मृत्युपत्र. आणि वसीयत एका वारसाला करता येत नाही, बाकीच्या वारसांनी मंजूर केल्याशिवाय. म्हणजे सवाल एकच. त्या दिवशी लाडलेसाब मरणाच्या दुखण्यात होता, की धडधाकट होता?

जुम्याच्या नमाजनंतर माणसं थांबली. मौलाना मध्ये, दस्तगीर त्यांच्या उजव्या हाताला, साक्षीला आलेले बद्रीनाथ आणि आश्रुबा पायरीवर चपला हातात घेऊन. जैतुन बाजूच्या ओसरीत, जाळीच्या आड.

आधी बद्रीनाथ बोलला. म्हातारा चांगला बोलत होता म्हणाला. आश्रुबा म्हणाला, व्हय. मग दस्तगीरनं एकेकाला उठवलं. यांना आपानं काय सांगितलं होतं? लई बरं आहे म्हणाली. यांना? रस्त्यापर्यंत जाऊन आले म्हणाली. जो उठेल तो तेच सांगत होता, आणि कुणी खोटं बोलत नव्हतं. जाळीच्या आड बसून जैतुननं तिचंच बोलणं इतक्या तोंडांतून ऐकलं की तिलाही घटकाभर वाटलं, अब्बा बराच असावा.

मग चहाचा मुद्दा निघाला. अब्बानं चहा मागितला होता हे सगळ्यांना मान्य होतं. मरणारा माणूस चहा मागतो का? एक म्हातारा म्हणाला, मागत नाही, पाणी मागतो. दुसरा म्हणाला, त्याच्या आज्यानं मरायच्या सकाळी बकऱ्याचा पाया खाल्ला होता, वर पाव मागितला. मागणं वेगळं आणि पिणं वेगळं, असं तिसऱ्यानं काढलं. लाडलेसाबनं मागितला पण पिला नाही, तर त्याला आजारी धरायचं की नाराज? यावर बरीच चर्चा झाली. दस्तगीरनं दाढीवरून हात फिरवला. त्याला ठाऊक होतं, खरं काय ते एकट्या जैतुनलाच माहीत आहे, आणि ती ते सांगणार नाही. लेकीनं बापाचं जे झाकलं ते भर मशिदीत कोण उघडं करतं?

मौलानांनी हात वर केला. जाळीकडं न बघता विचारलं, "सेवा आपने की है. बताइए, क्या हाल था?"

जैतुन जाळीजवळ सरकली. मग जमिनीकडं बघत बोलायला लागली. आवाज वर गेला नाही.

"पाठीला जखम व्हती. माझी मूठ बसंल येवढी. रोज राख चाळून तिची पुरचुंडी लावायची मी. लघवी कळत नव्हती. धोतराचे तुकडे करून ठिवलेते, ते बदलायचे, वड्याला धुवायचे, हितं हापश्यावर न्हाई, कुणी बघू ने म्हणून वड्याला."

"आपा, बस," दस्तगीर म्हणाला.

"बाज उचलली तवा मी पायाकडं झाले. मुद्दाम झाले. त्यांचं चालू व्हतं. ते माझ्या पायावर गळत व्हतं पांदीपस्तोर. ह्या माणसांना दिसू ने म्हणून मी पाय घासत चालले. बद्रीभाऊ म्हणला बी, बाई नीट चाल."

पायरीवर बद्रीनाथनं मान खाली घातली.

"अन् बरं हाय म्हणाले मी ते खरं हाय. ते आत ऐकत व्हते, म्हणून म्हणाले. मरायलेत असं त्यांच्या म्होरं म्हणू व्हय?"

हौदाच्या नळाला थेंब गळत होता, त्याचा आवाज आला. आज्याच्या पायाची गोष्ट सांगणारा म्हातारा डोळे पुसायला लागला, त्याचंही आता घरी सूनच करते, त्यालाही ओढाच दिसला असावा. दस्तगीर एवढंच म्हणाला, की तिनं बापाची अब्रू घेतली. पण ते त्यालाच हळू वाटलं.

मौलानांनी निकाल सांगितला. मरणाचं दुखणं होतं. हिब्बा जैतुनच्या मंजुरीवर आहे. तिनं दिली तर सगळं भावाचं, नाही दिली तर वारसाप्रमाणं. आणि मग मौलाना, दस्तगीर, सगळी जमात जाळीकडं बघायला लागली. त्या बघण्यात सगळं होतं. भाऊ आहे, माहेर आहे, तुझं तू खरं केलंस, आता मोठ्या मनानं दे. असं दिलेलं तिथं सगळ्यांनी पाहिलं होतं. बहिणी देतातच. एका साडीवर देतात, ईदला बोलावणं यावं म्हणून देतात.

जैतुनच्या मनात द्यायचं होतं. हे तिनं नंतर कुणाला सांगितलं नाही, पण त्या घडीला होतं. भावानं फसवलं हे कळलं होतं, बापाला काही उमजलं नसेल, त्याच्या तोंडात शब्द घातले असतील, असं ती धरून चालली होती. बापाला फसवलं म्हणून ती भांडत होती. ते सिद्ध झालं की बाकीचं सोडून द्यायला ती तयार होती. फक्त एकदा ऐकायचं होतं.

"बद्रीभाऊ," ती म्हणाली, "अब्बा काय बोलले ते सांगा. त्यांचे शबूद."

बद्रीनाथ उठून उभा राहिला. चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"दस्तगीरनंच विचारलं म्हाताऱ्याला. आपाचं काय, म्हणला. खोटं कशाला बोलू, त्यानं विचारलं व्हतं."

"मग?"

"म्हातारा हसला. म्हणला, जैतुन कुटं जाती? बागंसंगं ती बी तुझ्याकडं आलीच की. राबती बाई हाय, संभाळ." बद्रीनाथ थांबला. मग पुरं करून टाकावं म्हणून म्हणाला, "अन् तुला चहा ठेवायला धाडायचं बी त्यानंच आधी ठरवलं व्हतं. दस्तगीर तर म्हणत व्हता, ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

मौलानांनी पुन्हा विचारलं, मंजूर आहे का.

"मंजूर न्हाई," जैतुन म्हणाली.

*

दस्तगीरला मुकाट्यानं मानावं लागलं. गावाला पाणी पिण्याचे घोट शिकवलेला माणूस, मौलानाचा निकाल नको, मी कोर्टात जातो, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? दोन दिवसांनी कासऱ्याच्या दोरानं मोजणी झाली. दोन कासरे त्याला, एक तिला. घराचं तसंच. तिच्या वाट्याला मागची पडवी आली आणि डोंगराकडचा, सगळ्यात दगडाचा पट्टा, सगळ्यात आधी लावलेल्या झाडांचा. मध्ये त्यानं कुंपणाला काटेरी बोराट्या ओढल्या. बद्रीनाथला गाडीवाट मिळाली नाही. वच्छलाबाई दिसली की जैतुन रामराम घ्यायची, तिनं घातला तर.

आता ती स्वतःचे क्रेट स्वतः भरायची. धारूरचा आडत्या तिच्या नावानं विक्रीची पट्टी करायचा आणि नाव लिहिताना दरवेळी विचारायचा, भाऊ कुठंय. माल चांगला होता. तिला वाटलं होतं, स्वतःच्या झाडाचं फळ तोडताना काहीतरी वेगळं वाटेल. चीक तसाच लागायचा. वाकून वाकून कमर धरली की ती बांधावर टेकायची आणि बाप जिथं बसून बिडी ओढायचा तिकडं तिची पाठ असायची.

अब्बाचा चाळिसावा दिवस आला. पाव्हणे यायचे होते, फातेहा द्यायचा होता. आदल्या दुपारी मेहरून बोराट्या सरकवून बागेत आली. पिठाचे हात तसेच होते. तिनं इकडचं तिकडचं विचारलं, फळ बरं आलंय म्हणाली. मग आल्या कामावर आली. फातेह्याला मयताच्या आवडीचं ताट लागतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासऱ्याला तिनं हातानं कधी वाढलं नव्हतं, ते सगळं आपाकडंच असायचं. दस्तगीरला विचारलं, तो म्हणाला सगळंच खायचे. उद्या काय काय करायचं ते कळेना.

"आपा, तुमी सांगा. अब्बाला काय आवडायचं?"

जैतुननं हातातलं फळ फिरवून बघितलं. डोळे अजून मिटलेले होते. तिनं ते सोडून दिलं, फांदी वर गेली.

"मला न्हाई ठाऊक," ती म्हणाली, आणि क्रेट ओढत पुढच्या झाडाकडं गेली.